घंटेतलं गवत

"आधी गवत काढ, मग कुत्रं सोड!"

बाबांना जाऊन वीस पावसाळे झाले, पण हा आवाज अजून कानामागे उभा आहे. आमच्याकडची कुत्री जातीनंच भुंकत नाहीत. म्हणून शिकारीला त्यांच्या गळ्यात लाकडी घंटा बांधायची. वाटेनं जाताना तिच्या पोटात गवत कोंबायचं, म्हणजे रान सावध होत नाही. सोडायच्या क्षणी ते उपटून काढायचं. मग घंटा वाजेल तिकडे माणसांनी धावायचं.

तिरा माझ्या मबाराझामामाच्या कुत्रीची पोर. तांबूस, कपाळावर सुरकुती, शेपटी कानातल्या वाळीसारखी वळलेली. चार महिन्यांची असताना तिला माग काढायला शिकवायचं म्हणून मी कातड्याचा तुकडा दोरीला बांधून पुरुषभर उंच गवतातून फरफटत नेला. तिनं ओढ्यापलीकडे जाऊन तो शोधला, आणि खाऊनही टाकला! पुढच्या खेपेला मामाची कोंबडी धरली. मामी काठी घेऊन धावली, मामा मात्र पोट धरून हसला.

"भाच्या, हिच्या नाकात कुणीतरी दिवा लावलाय. जरा दम धर, गावाला मांस खाऊ घालील ही."

गवत पेटवायच्या दिवसांत तिची पहिली मोठी शिकार. साळिंदराचा माग लागला, सगळे ओरडले, "सोड, सोड!" मी सोडली. रान तिला गिळून गप्प बसलं. घंटा नाही, काही नाही. आम्ही ऊन डोक्यावर येईतो इकडेतिकडे धावलो. मग तिची ती रडवी तान ऐकू आली, भुंकणं नव्हे, गाणं नव्हे. बिळाच्या तोंडाशी ती चार पाय रोवून उभी होती. छातीत अकरा काटे, आणि साळिंदर तिनं अजून आत कोंडून धरलेलं.

काटे उपटताना माझा हात घंटेला लागला. आत गवत तसंच होतं, घट्ट.

मी ते बोटांनी ओढलं आणि ओढ्यात टाकलं. कुणी पाहिलं नाही. मामा पलीकडे बडबडत होता, "घंटा वाजलीच नाही, म्हणजे भिऊन जागीच खिळली, भेदरट!" मी उरलेले काटे उपटत राहिलो.

छातीवरच्या जखमा भरून आल्या, पण तिरा पूर्वीची राहिली नाही. घंटा बांधली की पाच पावलं जायची, थांबायची आणि मागं वळून माझ्याकडे बघायची. पुन्हा पाच पावलं, पुन्हा तेच. मी ओरडलो. दोरी झटकली. एकदा हातातली काठी उगारलीही. तिनं डोळे मिटले, जागची हलली नाही. माझ्या अंगाची आग झाली. ती आग तिच्यावर काढायची नव्हती, हे मला ठाऊक होतं, म्हणून आणखीच भडकली.

काल तिच्यापायी हरीण निसटलं. परतीच्या वाटेवर शेजारचा ग्बांगी ताल धरून गाऊ लागला,

"घंटा गळ्यात गं, पाय चिखलात गं,
नवरी निघाली, माहेर बघते गं!"

सगळे हसले. मामाही हसला. माझे दात एकमेकांवर घासत राहिले.

"तुझ्या बापानं अशी कुत्री दारात उभी केली नसती," ग्बांगी म्हणाला.

"बापाचं नाव काढू नकोस!"

"का? झोंबलं?"

आज सकाळी कसाव्याचे कंद शिजत होते, तेव्हा मामा दोरी घेऊन आला. तिराच्या गळ्यातली घंटा त्यानं सोडली आणि चुलीजवळ फेकली.

"नदीपार सोडून येतो. तिथं बिबट्या आहे, त्याला तरी कामाला येईल. माझ्या कुत्रीच्या पोटी हे भित्रं जन्मलं, याची मला लाज वाटते."

"मामा, थांब."

"आता काय थांब? जीव लावलास, दिसतंय मला. भित्र्यावर जीव लावून पोट भरतं का?"

"भित्री नाही ती."

"मग मागं का बघते सारखी?"

दोरी ताणली गेली. तिरा ओढली जात होती, तरी मान वळवून माझ्याकडेच बघत होती. मी चुलीजवळची घंटा उचलली. आत बोट घातलं. रिकामी होती, तरी बोट अडकलं.

"कुणी येतंय का ते बघते, मामा. साळिंदराच्या दिवशी मी गवत काढलंच नव्हतं."