तीस टक्क्यांचा लसूण

दुपारी शेडमध्ये लसणाची प्रतवारी चालू असताना समुद्रापलीकडच्या खरेदीदाराचा फोन आला. सगळे त्याला घाईसाहेब म्हणत, कारण त्याला दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंतही धीर नसे.

"आमच्या सरकारनं बाहेरच्या लसणावर तीस टक्के कर लावलाय. तेवढा भाव उतरवा, नाहीतर माल नको."

वहिनींनी हातातला गड्डा टोपलीत ठेवला. हे शेड त्या आणि त्यांचे धाकटे दीर मिळून चालवत. आसपासच्या वीसेक शेतकऱ्यांचा लसूण इथूनच परदेशी जाई.

"कर फक्त आमच्या मालावर, की सगळ्याच देशांच्या?"

"सगळ्यांच्या."

"आणि तुमच्याकडचा लसूण निघायला किती अवकाश आहे?"

"चार महिने."

"मग तोवर फोडणी कशाची घालणार? ठरल्या भावात घ्या. कर तुमच्या सरकारनं लावलाय, माझ्या शेतकऱ्यांनी नाही."

फोन बंद झाला. दिरांचा चेहरा उतरला.

"वहिनी, हातचं गिऱ्हाईक घालवलंत. आता इथल्या बाजारात निम्म्यानं तरी विकून टाकू."

"सगळे तेच करणार, भाऊजी. बाजारात रस्त्यापर्यंत ढीग लागतील. आपला माल नीट वाळलाय. थांबू."

शेतकऱ्यांनाही त्यांनी हेच सांगितलं. "ज्याला थांबणं परवडत नाही त्यानं खुशाल माल न्यावा, मी राग धरणार नाही." तिघांनी नेला. बाकीचे कुरकुरत का होईना, थांबले.

थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हतं. वहिनी रोज सकाळी प्रत्येक रांगेतला एक गड्डा फोडत, पाकळी उभी चिरत आणि आतला हिरवा कोंब कुठवर चढलाय ते पाहत. तो टोकाला पोचला की माल गेलाच. चौथ्या आठवड्यात कोंब अर्ध्यावर आला. दिरांना मात्र त्या म्हणाल्या, "अजून पंधरा दिवस आहेत."

त्यानंतर आठव्या दिवशी घाईसाहेबांचा फोन आला. तिकडे लसूण दुप्पट महागला होता. खानावळवाले नि घरच्या बायका सरकारच्या नावानं बोटं मोडत होत्या. बाहेरून मालच येईना, त्यामुळे तिजोरीत करही पडेना. शेवटी स्वतःचं पीक निघेपर्यंत सरकारनं कर दहावर आणला होता.

"भाव जुनाच देतो. दहा टक्के मी सोसतो. कधी पाठवता?"

"परवा. आणि सगळे दहा तुम्ही नका सोसू. पाच आमच्याकडे. पण कर बदलणार अशी कुणकुण लागली तरी पहिला फोन मला करायचा."

"कबूल."

दीर चक्रावले. "अहो, तो सगळं सोसायला तयार होता!"

"आज होता. त्यांचं पीक आलं की सरकार कर पुन्हा चढवणार, त्यांनाही स्वतःचे शेतकरी जपायचेत. तेव्हा बातमी आधी कळली, तर आपण लागवडच बेतानं करू. त्या बातमीपुढे पाच टक्के काय घेऊन बसलात?"

दीर हसले. "शेतकऱ्यांना कोण समजावणार?"

"मी. तुम्ही ट्रक बोलवा."

संध्याकाळी शेतकरी आले. पाच टक्क्यांवरून बरीच वादावादी झाली, एकानं तर तोंडही फिरवलं. पण पोती भरायला सगळे हजर होते.