आगटीची चौथी बाजू

सणसवाडीच्या कारखान्यातून ट्रेनिंगसाठी दोघंच जपानला गेले होते, आणि परतल्यावर लाइन लीडर एकच होणार होता. दौंडकडच्या मल्हारीला ती जागा हवी होती. त्याहून जास्त, ती शिरूरच्या रविराजला मिळू नये असं त्याला वाटत होतं. रविराजच्या आजोबांच्या रानात मल्हारीचा आजा खतासाठी मेंढ्या बसवायचा आणि भाकरी मात्र त्याला अंगणात, कुत्र्याच्या शेजारी मिळायची. हे रविराजचं कँटीनमध्ये हसत हसत सगळ्यांना सांगून झालं होतं.

रविवारी, लीडर कोण ते ठरवणाऱ्या मोरितासाहेबांनी त्यांना एका जुन्या जमीनदाराचं घर दाखवायला नेलं. घराचं आता म्युझियम केलेलं होतं. धुरानं काळी पडलेली तुळई, खाली घासून गुळगुळीत झालेल्या फळ्या, आणि मधोमध खोलगट चौकोनी आगटी. सोबत आलेली दुभाषी हर्षदा सांगू लागली, "ही मालकाची बाजू, ही मालकिणीची, ही पाहुण्यांची. चौथ्या बाजूला नोकर बसायचा, लाकडं सारायला."

साहेबांनी हसून सगळ्यांना बसायची खूण केली.

रविराज सरळ मालकाच्या जागी मांडी ठोकून बसला. जन्माची सवय, दुसरं काय. चौथ्या बाजूकडे हात करून म्हणाला, "मल्हारी, तू तिकडं बस, लाकडाकडं. तुला सोपं जाईल."

मल्हारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ऊठ तिथनं," तो म्हणाला.

"न्हाई उठत. काय करशील?"

साहेबांनी काय चाललंय म्हणून विचारलं. हर्षदा चाचरली, "गंमत चाललीय त्यांची, असं सांगते मी."

"गंमत न्हाई, मॅडम. जसंच्या तसं सांगा. ह्याच्या घरानं माझ्या आज्याला अंगणात जेवाय घातलं. मी ह्याच्या खाली बसनार न्हाई. हितं बी न्हाई आन् लाइनवर बी न्हाई."

हर्षदाने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मग ते हळू आवाजात थोडंसंच बोलले. हर्षदाने ते खाली बघतच मराठीत सांगितलं. ज्या दोघांना एका आगटीभोवती बसता येत नाही, त्यांच्या हाती लाइन देता येणार नाही. लीडर बाहेरून आणू.

परतताना बसमध्ये रविराज धुमसत होता. "तुझ्यापायी दोघांचं गेलं. घटकाभर बसला असतास तर काय झिजला असतास?"

मल्हारीला बायको आठवली. तिने पगारवाढ धरूनच पोरीची शाळा बदलली होती. तरी पश्चात्ताप काही केल्या होईना.

"गेलं तर गेलं," तो म्हणाला. "बसलो तर न्हाई."