चंद्राला आवाज नसतो

चष्मेवाल्यांना गल्लीतले लोक पाठीमागे ‘चांदोबा’ म्हणायचे आणि तोंडावरही म्हणायचे. माणूस कधी रागावला नाही. खाली दुकान, वर घर, त्याच्यावर गच्ची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसाठी काचा घासायच्या आणि अंधारून आलं की गच्चीवर जाऊन आपला डोळा दुर्बिणीला लावायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. दुर्बिणीच्या मागे कॅमेरा जोडायचा आणि चंद्राचे फोटो काढायचे. दुसरं कसलंही व्यसन नाही.

आता, चंद्राचा फोटो म्हणजे बटण दाबलं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दाबून बघावं. पांढरा डाग येतो नुसता. वरची हवा सारखी हलत असते आणि तिच्यातून बघताना चंद्र वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो. म्हणून चष्मेवाले व्हिडिओ घ्यायचे. मग कॉम्प्युटर त्यातली हजारो चित्रं चाळायचा, हवा क्षणभर थांबली असेल तेवढीच निवडायचा आणि एकावर एक रचायचा. त्यातून जो चंद्र निघायचा तो असा, की विवरांच्या कडांवर बोट कापेल! फोटो तयार झाला की मूळ व्हिडिओ पुसून टाकायचे. अवाढव्य फाइली त्या, ठेवणार कुठे? त्यांना आवाजही असायचा, पण तो ऐकायच्या भानगडीत कोण पडतंय. “चंद्राला कुठे आवाज असतो!” असं चष्मेवाले म्हणायचे.

आवाज होता तो बायकोचा. वाळलेले कपडे काढायला ती गच्चीवर यायची, पालथ्या बादलीवर बसायची आणि घड्या घालता घालता दिवसभराचं सगळं सांगायची. कोण गिऱ्हाईक चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत होतं, लेकीचा फोन आला तेव्हा जावई मागून काय म्हणाला, सगळं. तिच्या जिभेला विसावा म्हणून नव्हता. चष्मेवाले डोळा न हलवता ‘हं, हं’ करायचे. पुष्कळदा ऐकायचेही.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन तातडीनं करावं लागलं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. जीव वाचला, आवाज गेला. देवाचे आभार मानायचे की देवाशी भांडायचं, हे चष्मेवाल्यांना अजून ठरवता आलं नव्हतं.

हॉस्पिटलातल्या, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक यंत्र आणून दिलं. त्यावर लिहिलं की ते मोठ्यानं बोलायचं, पण आवाज कसला तर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईचा. बायकोनं एकदाच ते वापरलं. “मला चहा नको,” असं ते यंत्र बोललं आणि तिनं ते उशीखाली कोंबलं. पुन्हा हात लावला नाही. पाटीवर खडूनं काय ते चार शब्द लिहायची, पुढे पुढे तेही कमी झालं. घरभर बोलणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली.

“यांचा स्वतःचा आवाज यात घालता येतो,” बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. “जुनं काही रेकॉर्डिंग आणा. पण थोडं जास्त लागेल हं, एखाद्या वाक्यानं भागणार नाही.”

लेक माहेरी आली आणि शोधाशोध सुरू झाली. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओवर व्हिडिओवाल्यानं गाणी चिकटवलेली. फोनवर आवाजी निरोप तर आईनं उभ्या जन्मात पाठवला नव्हता. यंत्राशी काय बोलायचं, कपाळ, म्हणायची. आणि मग लेकच म्हणाली, “बाबा, तुमचे चंद्राचे व्हिडिओ? आई कायम तिथेच बसलेली असायची की!”

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. किती संध्याकाळी, किती गोष्टी, आणि सगळ्या त्यांनी स्वतःच्या बोटानं पुसलेल्या! कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे धावले. त्यानं पुष्कळ खटपट केली आणि मान हलवली. “काका, नुसतं पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं. तुम्ही त्याच जागेवर नवे व्हिडिओ भरत गेलात. जुन्याचं काही शिल्लक नाही.” भिंतीवर ओळीनं लावलेले चंद्र बघून चष्मेवाल्यांना त्यांचा राग आला, खराखुरा राग. एकेक फ्रेम उतरवून त्यांनी माळ्यावर टाकली. मग दुर्बीणही नको घरात, विकून टाकू म्हणून तिची पेटी उघडली.

कॅमेरा अजून दुर्बिणीलाच जोडलेला होता. ते असं कधी ठेवत नसत. मग आठवलं. आजारपणाच्या आधीची ती शेवटची संध्याकाळ, व्हिडिओ चालू असताना हिनं त्यांच्या दंडाला हात लावला होता आणि चंद्र भलतीकडेच उडाला होता. बिघडलेला व्हिडिओ ते तिथल्या तिथे पुसायचे. त्या दिवशी मात्र चंद्र पुन्हा धरता येईना, तेव्हा इतके चिडले होते की सगळं तसंच पेटीत आदळून खाली आले होते.

त्यांनी लेकीला हाक मारली. दोघांनी कॅमेरा बायकोच्या खोलीत आणला, बॅटरी चार्ज केली आणि पलंगाशी बसून व्हिडिओ लावला.

छोट्याशा पडद्यावर अर्धा चंद्र थरथरत होता. खाली रस्त्यावर कुठेतरी हॉर्न वाजला. कपडे झटकल्याचा आवाज आला. आणि मग ती बोलली.

“अहो, ऐका ना. दोन-चार दिवस झाले, गिळताना घशात काहीतरी...”

चंद्र एकदम उडून पडद्याबाहेर गेला.

“हलवलंस ना! किती वेळा सांगितलं, चालू असताना हात लावू नकोस म्हणून. काय असेल ते नंतर बोल.”

“बरं,” ती म्हणाली.

पुढे व्हिडिओ बराच वेळ चालू होता. त्यात काळं आभाळ होतं आणि कपड्यांच्या घड्या घालायचा आवाज. तिनं दुसरा शब्द काढला नाही.

लेक तोंडावर हात धरून बाहेर निघून गेली. यंत्राला एवढं पुरणार नव्हतं, हे तिघांनाही कळलं होतं. पण चष्मेवाल्यांना आता यंत्राचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना वर बघवेना. कानात ते ‘बरं’ घुमत होतं. ती नंतर बोलली होती, पण बऱ्याच दिवसांनी, आवाज घोगरा झाल्यावर. तोवर ते चंद्र गेल्याच्या रागात गच्चीवर गेले नव्हते आणि तिच्याशी धड बोललेही नव्हते.

“मी ऐकायला हवं होतं गं,” ते म्हणाले. “तेव्हाच ऐकायला हवं होतं.” आणि लहान मुलासारखे रडले.

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं पाटीकडे हात नेला, पण पाटी घेतली नाही. उशीखालून ते यंत्र काढलं, पदरानं पुसलं आणि हळूहळू एकेक अक्षर दाबत बसली. चष्मेवाले डोळे पुसून वाट बघत होते. खिडकीच्या काचेवर चंद्र येऊन ठेपला होता, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

स्टेशनवरच्या बाईच्या त्या कोरड्या आवाजात यंत्र बोललं, “अहो, ऐका ना.”

चष्मेवाल्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि खुर्ची तिच्या अगदी जवळ ओढली.

“बोल,” ते म्हणाले.