हात लावायचा नाही

"आधी मी ढकलणार, मग पोस्टमन, मग तू. वळणापर्यंत एजिदिओला पायडल मारायची वेळच येऊ द्यायची नाही!" आम्पेलिओकाका बाह्या सरसावून माणसं रस्त्याकडेला उभी करत होते.

"कुणीही हात लावायचा नाही," निवेस म्हणाली. भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन ती बेकरीतून तशीच बाहेर आली होती.

"अगं, सख्खा भाऊ ना तुझा?"

"म्हणूनच सांगतेय, काका."

दर वसंतात सायकलची शर्यत या चढावरून जायची आणि मागे पडलेल्या, दमलेल्या गड्याला गाव वळणापर्यंत ढकलायचं. नियमात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दमलेल्याला हात देणं हा इथला धर्मच. एजिदिओच्या वाट्याला तो हात कधी आला नव्हता. दोनदा शर्यत जिंकलेला गडी, इथून जायचा तोच वाऱ्यासारखा. साऱ्या जगाला ढकललं, घरचा पोरगा तेवढा राहिला, ही काकांची जुनी खंत होती.

मग त्याला कॅन्सर झाला. इस्पितळातून तो बहिणीकडेच आला, बेकरीच्या वरच्या खोलीत. जिना चढताना निवेस मागून त्याच्या पाठीवर हात ठेवायची. त्या पाठीचा मणका न् मणका तिच्या तळहाताला पाठ झाला होता. आज दोन वर्षांनी तो पुन्हा शर्यतीत उतरला होता.

काल शर्यतीच्या मुक्कामावरून त्याचा फोन आला होता. "ताई, उद्या गाववाल्यांना आवर."

"अरे, मायेनं ढकलतात रे."

"माहितेय. पण मी चढलो की मला चढवलं, ते मला कळायला हवं. नाहीतर मी अजून आजारीच." मग म्हणाला होता, "आणि तूसुद्धा हात लावायचा नाहीस."

"मी कशाला लावू?"

"तूच सगळ्यात आधी लावशील!"

पुढचे गडी गेले, मोठा घोळका गेला, रेंगाळलेलेही गेले. बऱ्याच वेळाने एजिदिओ दिसला. त्याच्यामागे फक्त झाडूगाडी होती, हार मानलेल्यांना उचलून नेणारी. सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेला तिरकी फिरत होती. मान खाली, ओठ पांढरे.

काका झेपावले. फावडं आडवं त्यांच्या छातीला लागलं.

"काळीज आहे का दगड?"

"दगड म्हणा!" निवेस ओरडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

नेमकी तिच्यासमोर सायकल थांबल्यासारखी झाली. फावडं कधी खाली पडलं, तिला कळलंच नाही. हात आपोआप पुढे गेला होता, त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर.

"ताई," तो एवढंच म्हणाला. दम नव्हता, तरी आवाजात दटावणी होती.

तिने हात मागे घेतला आणि एप्रनमध्ये घट्ट गुंडाळला. तो उभा राहून पायडलवर रेलला. चाक जेमतेम फिरलं. पुन्हा रेलला, पुन्हा फिरलं. असं करत करत तो वळणापलीकडे गेला.

एवढे हात आणि करायला काहीच नाही. मग काकांनीच टाळी वाजवली आणि सगळे वाजवायला लागले.

झाडूगाडीवाल्याने काच खाली केली. "पुढे तरी बसेल का हो गाडीत?"

"रिकामीच न्या," निवेस म्हणाली.

तिने फावडं उचललं, पुसलं, भट्टीशी नेऊन ठेवलं. तोंड धुवायला वर जायचं म्हणून जिन्याशी आली, तर सवयीने तिचा हात पुढे झाला. पुढच्या पायरीवर कोणीच नव्हतं. तो हात तसाच कठड्यावर ठेवून ती सावकाश वर गेली.