इल्पो अख्खं घर चढवतो

इल्पो कार्वानेन स्वतःला हुशार समजायचा. साठी उलटेपर्यंत हा गैरसमज टिकवून धरणं काही सोपं नसतं, पण त्यानं ते जमवलं होतं. एकटा राहणारा माणूस. घरात त्याला खोडून काढणारं कुणी नव्हतं, आणि बाहेर लेप्पालाहती गावात लोक मुळात बोलतच कमी.

गावच्या स्की क्लबची शर्यत दर मार्चमध्ये व्हायची, आणि तिची वेळ मोजायचा प्रोग्रॅम इल्पोनं लिहिलेला होता. टेलिफोन खात्यात असताना सुट्टीच्या दिवशी लिहायला घेतला, मग वर्षानुवर्षं ठिगळं लावत वाढवला. तो कसा चालतो हे इल्पोला ठाऊक होतं आणि परमेश्वराला. अलीकडे काही ठिगळांबाबत एकट्या परमेश्वरालाच. एक खोड तर जुनीच होती. दोघं एकाच सेकंदाला पोहोचले की प्रोग्रॅम त्यातल्या एकाला गिळून टाकायचा. मग इल्पो पेन काढून त्याचं नाव निकालपत्रावर हातानं लिहायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, "ही आपल्याकडची पद्धत आहे."

यंदा क्लबचं डोकं फिरलं. क्वोपिओ शहरातली एक कंपनी यंत्रं आणि माणसं भाड्यानं देते म्हणे, मग इल्पोच्या प्रोग्रॅमवर विसंबायचं कशाला? आधीच्या वर्षी त्याला ताप भरला होता, तर अख्खी शर्यत त्याच्या तापावर अवलंबून राहिली होती. सचिव सानेल्मा सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. तिनं मध्यम मार्ग काढला.

"इल्पो, प्रोग्रॅम गिटवर टाक," ती क्लबच्या झोपडीत कॉफी ओतता ओतता म्हणाली. "कुणी काय बदललं, कधी बदललं, सगळं लक्षात ठेवतं ते. चुकलं तर मागं जाता येतं. आणि चारजणांना एकाच वेळी काम करता येतं. गुरुवारच्या बैठकीपर्यंत तुझ्याखेरीज दोघांना तरी प्रोग्रॅम कळला, तर कंपनीला नाही म्हणू."

"आणि याला किती पडतात?"

"काही नाही. फुकट आहे."

"फुकट? मग त्यात काहीतरी गोम असणार."

"गोम एकच आहे बाबा, सूचना वाचाव्या लागतात."

इल्पो हसला. पण घरी जाताना ते हसू टिकलं नाही. प्रोग्रॅम गेला तर त्याला झोपडीत यायचं कारणच उरणार नव्हतं, आणि मार्चमधला तो एक रविवार सोडला तर वर्षभरात कुणी त्याची वाट बघत नसे. हे त्यानं आजवर स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. त्या दिवशी बर्फातून चालता चालता केलं, आणि मग टोपी कानांवर ओढून घेतली.

सानेल्मानं सूचना पाठवल्या. पहिली ओळ होती: 'आधी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये जा.' खाली कॉम्प्युटरला द्यायचे तीन छोटे हुकूम. इल्पोचं ठाम मत होतं की सूचनांची पहिली ओळ बावळटांसाठी असते. 'यंत्राची पिन सॉकेटमध्ये घाला' त्यातली गत. त्यानं ती ओळ सोडून दिली आणि होता तिथूनच तिन्ही हुकूम सोडले. इथून सगळं धर, पक्की नोंद कर, क्लबच्या सर्व्हरवर चढव. कॉम्प्युटर कामाला लागला. इल्पो सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायला गेला, परत आला, तरी ते चढतच होतं. सौनात बसला, अंग पुसलं, सॉसेज भाजून खाल्लं, तरी चढतच होतं.

'केवढा मोठा प्रोग्रॅम लिहिलाय मी,' इल्पोच्या मनात आलं, आणि अभिमानानं त्याचा ऊर भरून आला.

दोन दिवस तो त्याच तोऱ्यात होता. तिसऱ्या दिवशी आपलं काम तिथं कसं दिसतंय ते पाहावं म्हणून त्यानं क्लबचं गिटवरचं पान उघडलं. प्रोग्रॅमचं फोल्डर होतं, पण खाली कुठंतरी, गर्दीत. वर होतं त्याचं सगळं घर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं होतं नव्हतं ते. रक्तदाबाची रोजची टिपणं. तळघरातल्या बटाट्यांना फुटलेल्या कोंबांचे फोटो, वर्षवार. क्लबचे अध्यक्ष औलिस यांच्या सत्तरीसाठी लिहिलेलं भाषण, जे अजून व्हायचं होतं. आणि 'टँगो' नावाचं फोल्डर.

दुकान दाखवायला निघावं आणि राहत्या घराची सगळी दारं उघडी टाकून यावीत, तसं त्यानं केलं होतं. जिथं उभा होता तिथून 'सगळं धर' म्हणाला होता, आणि उभा होता तो अख्ख्या घराच्या उंबरठ्यावर.

बटाट्यांचं एक वेळ चाललं असतं. टँगो, म्हणजे नाचाच्या तालावरची हळवी गाणी, मात्र त्यानं सौनाच्या बाहेरच्या खोलीत, टॉवेल गुंडाळून, दार लावून गायले होते आणि ध्वनिमुद्रित केले होते. लाकडी भिंतींमुळे आवाज गोड लागतो असं त्याला वाटे. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात कधीतरी गायचं, असं कित्येक वर्षं त्याच्या मनात होतं, आणि दर उन्हाळ्यात तो मांडवात जाऊन कॉफी पिऊन परत येत असे.

त्यानं घाईघाईनं एकेक फाइल पानावरून काढून टाकली. शेवटी यंत्रानं विचारलं: काय बदललं ते थोडक्यात लिहा. त्यानं लिहिलं: 'टँगो काढले आहेत. कृपया कुणी ऐकू नयेत. ऐकले असल्यास विसरावेत.'

बटण दाबल्यावर त्याला आठवलं की प्रत्येक बदलाची मेल क्लबच्या सगळ्या सभासदांना आपोआप जाईल अशी सोय सानेल्मानं करून ठेवली आहे. ज्या कुणाला टँगोंचा पत्ता नव्हता त्याला तो आता लागला होता. स्वतःच्या पायावर धोंडा सगळेच पाडून घेतात, पण तसा पाडून घेतल्याचं गावभर पत्रक काढणारा इल्पोच.

मग सुरू झाली शांतता. ती कशी असते हे लेप्पालाहतीत राहिल्याशिवाय कळत नाही. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही, कुणी फोन केला नाही. क्लबातला गणिताचा मास्तर तैस्तो दुकानात समोर आला, आणि इल्पोला पाहताच हातातल्या लोणच्याच्या बरणीवरचं सगळं वाचू लागला, मिठाच्या प्रमाणापर्यंत. इल्पोनंही वाण्याच्या घड्याळाकडं एकटक पाहिलं. दोघंही अतिशय सभ्यपणे वागले. परक्या माणसाच्या अब्रूकडं असंच बघायचं असतं, म्हणजे बघायचंच नसतं. आपण परके झालो, एवढं इल्पोला त्या बरणीवरून कळलं. त्यानं मेल उघडणं बंद केलं.

गुरुवारी बैठकीच्या आधी सानेल्माचा निरोप आला: 'लवकर ये, काम आहे.' काढून टाकतील, दुसरं काय! त्यानं झोपडीची किल्ली खिशात घातली, परत करायला लागेल म्हणून.

झोपडीत सानेल्मा, तैस्तो आणि औलिस बसले होते. स्टोव्हवर कॉफी होती.

"हे बघ," सानेल्मा म्हणाली, "तू फाइली काढल्यास, पण गिट काही विसरत नाही. तेच तर त्याचं काम. मागच्या नोंदीत सगळं आहे तसंच आहे."

"टँगोसुद्धा?"

"टँगोसुद्धा."

"मग कुणीकुणी..."

"सगळ्यांनी," तैस्तो म्हणाला. हे सांगताना त्यानं पहिल्यांदा इल्पोच्या डोळ्यांत पाहिलं. "आता ऐक, तोंड पाडू नकोस. तू माझ्या किती वर्षं मागं लागलायस, ये, प्रोग्रॅम बघ, समजून घे? आलो कधी?"

"नाही."

"येणारही नव्हतो. टँगो ऐकायला म्हणून प्रत उतरवून घेतली. ऐकता ऐकता शेजारचं फोल्डर उघडलं, आणि म्हटलं, अरे देवा, हा माणूस वेळ अशी मोजतो? मग राहवलं नाही. ते एका सेकंदाला दोघं आले की एकाला गिळतं ना, ते बंद केलंय मी. सानेल्मानं तपासलं. काल पोरांच्या सरावाला चालवून पाहिलं, चाललं."

"ती आपल्याकडची पद्धत होती," इल्पो पुटपुटला.

"गप रे."

आता औलिस खाकरले. अध्यक्षांचं खाकरणं म्हणजे ठरावाची सुरुवात. "माझ्या सत्तरीचं भाषण मी नोंदीतून परत वर आणलंय," ते म्हणाले. "शर्यतीची ढाल मी अठ्ठ्याहत्तर साली जिंकली, एकोणऐंशी नव्हे. दुरुस्त करून ठेवलंय. आणि चढावरच्या माझ्या धावण्याबद्दल फार त्रोटक लिहिलंयस, तिथं दोन ओळी घातल्यात."

"तुम्ही गिट शिकलात?"

"शिकतो कसला! सूचनांची पहिली ओळ वाचली. बाकी सोपं होतं."

तैस्तोला ठसका लागला. सानेल्मानं तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलत होते तिचे. इल्पो कानापर्यंत लाल झाला. आणि त्याच वेळी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, कारण या गावात परक्याची कुणी अशी फिरकी घेत नाही.

सानेल्मा पुन्हा गंभीर झाली. "आता नीट ऐक. मागचा इतिहाससुद्धा पुसता येतो. टँगो, बटाटे, सगळं मुळापासून. पण आमचं सगळं काम तुझ्या त्या पहिल्या नोंदीवर उभं आहे. ती बदलली की वरचं सगळं पुन्हा रचायचं, सगळ्यांनी जुन्या प्रती टाकून नव्या घ्यायच्या, पुन्हा सगळं चालवून पाहायचं. रविवारच्या आत ते होणार नाही. म्हणजे यंदा कंपनी येणार."

"आणि एकदा आली की जायची नाही," औलिस म्हणाले.

"पण आवाज तुझा आहे," सानेल्मा म्हणाली. "तू म्हण, आत्ता पुसायला बसते. कुणी काही म्हणणार नाही."

कुणी काही म्हणणार नाही, याचा अनुभव इल्पोनं गेले काही दिवस घेतला होता. त्यानं कॉफीचा घोट घेतला. टॉवेल गुंडाळून गाणारा तो माणूस आता कायमचा प्रोग्रॅमच्या तळाशी बसणार होता. पुढं जो कोणी या कामाला हात लावेल त्याला तो भेटणार होता. लाज वाटत होती, भयंकर वाटत होती. पण त्या माणसाच्या डोक्यावर तैस्तोचं काम होतं, सानेल्माचं होतं, औलिसच्या दोन ओळी होत्या. इतकी वर्षं त्या जागी एकटा इल्पो होता.

"राहू दे," तो म्हणाला.

"नक्की?"

"राहू दे म्हटलं ना. बटाट्यांचे फोटो तरी चांगले आलेत."

बैठक लगेच संपली. कंपनीला नकार कळवायचं ठरलं आणि औलिसनी नेहमीप्रमाणे स्टोव्ह विझवण्याबद्दल सगळ्यांना बजावलं.

रविवारी कडाक्याची थंडी आणि लख्ख ऊन होतं. इल्पो झोपडीत पडद्यासमोर बसला. उन्हानं आकडे दिसत नाहीत म्हणून त्यानं खिडकीवर घोंगडी टांगली होती, दरवर्षी टांगायचा. नावं एकामागून एक येऊ लागली. मग दोघी एकाच सेकंदाला पोहोचल्या. इल्पोचा हात आपसूक पेनाकडं गेला. पण पडद्यावर दोन्ही नावं आली, एकाखाली एक.

तो हात तसाच टेबलावर ठेवून बसला. मधे एकदा वाटेतल्या उंचवट्यावर वेळ नोंदणाऱ्या चौकीची वेळ चुकीची दिसू लागली. तो खुर्ची पुढं ओढतो तोच तैस्तोनं आपल्या घरून प्रोग्रॅममधली चूक सुधारून पाठवली. इल्पोनं फक्त नवी प्रत उतरवून घेतली. मग करण्यासारखं काही उरलंच नाही. त्याला वाईट वाटलं, थोडा वेळ बरंच वाईट वाटलं. कॉफीही संपली होती.

"सानेल्मा, जरा बसतेस का इथं?" त्यानं दारातून हाक मारली.

"का रे, काय बिघडलं?"

"काही नाही. म्हणूनच."

तो बाहेर आला. डोळे दिपले, काही क्षण नुसतं पांढरं दिसलं. वीसेक वर्षं त्यानं या शर्यतीत पोहोचलेल्या प्रत्येकाची वेळ लिहिली होती, आणि पोहोचताना एकालाही पाहिलं नव्हतं.

झाडांतून एक बाई येत होती, बरीच मागं पडलेली. भुवयांवर हिम साचलेलं, तोंड उघडं, काठ्या कशाबशा रेटत ती शेवटची रेषा ओलांडून आली आणि बर्फात आडवी पडली. पडल्या पडल्या हसू लागली. रेषेजवळ दुसरं कुणी नव्हतं. इल्पोनं हातमोजे काढले, कारण हातमोज्यांत टाळ्या वाजत नाहीत, आणि वाजवत राहिला. ती किती वेळात आली हे त्याला माहीत नव्हतं, आणि आत जाऊन बघावंसंही वाटलं नाही.