पिंपातला समुद्र

म्हातारीने बोया घरी आणला तो चोरायला नव्हे, सांभाळायला. समुद्रावर तरंगणारं, दोर तुटून किनाऱ्याच्या दगडांत अडकलेलं कळशीएवढं पिवळं यंत्र; दिवा लुकलुकत होता, म्हणजे जीव होता. डोक्यावरची तार कुणाच्या डोळ्यात जाईल म्हणून तिने मोडली, न्हाणीघरातल्या पिंपात त्याला सोडलं आणि परकं वाटू नये म्हणून पाण्यात मूठभर मीठ टाकलं.

ती तार बोया कुठे आहे तेवढंच कळवायची, हे तिला काय ठाऊक!

सून समुद्राच्या कचेरीत. तिथला संगणक समुद्राचं गणित मांडतो, बोया पाण्यात बसून खरं काय ते कळवतो, आणि दोघांचा मेळ घालून होड्या सोडायच्या की नाही ते ठरतं. मेळ कसला! साहेबांचा नियम एकच: जमलं नाही तर बोयाचं खरं.

दुपारी सुनेचा फोन आला. "आई, ह्यांना लवकर जेवायला वाढा, होडी काढायचीय. गणित म्हणतंय होड्या गिळणारं वादळ येतंय, पण बोया म्हणतो पाणी अगदी निवांत. साहेब सोडतायत सगळ्यांना."

म्हातारीच्या पायाखालची फरशी सरकली. थोरला मुलगा तर जेवणाची वाट न पाहता धक्क्यावर गेलेला. खरं सांगावं, तर दुसऱ्याची दोरी घरी आणली म्हणून तिने कालच त्याला फैलावर घेतलं होतं. आता कुठल्या तोंडाने बोलणार?

तिने पदर खोचला, कपडे बडवायचं धोपटणं उचललं आणि पिंपातलं पाणी दणादणा हाणायला लागली.

धक्क्यावर होड्या थांबवायचा भोंगा वाजला. थोरला चरफडत परत आला.

"आई, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? वादळ."

मागोमाग नवरा परतला का ते बघायला सून धापा टाकत आली आणि तिची नजर पिंपात गेली. "तरी म्हटलं, बोयाच्या लाटा मधेच थांबून दम का खातायत!"

"चोरला नाही हो मी."

"आई, हात थांबवू नका! थांबलात की साहेब होड्या सोडतील." सुनेने फोन लावला. साहेबांना पटेना.

म्हातारीने एका हाताने फोन हिसकावला आणि सगळा तोरा गिळून ओरडली, "अहो, बोया माझ्या पिंपात आहे! मीच आणलाय!"

"बोयाने तसं काही कळवलेलं नाही," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

"ह्या मेल्या साहेबापुढे मी नाक कापून घेतलं!" म्हातारीने धोपटणं थोरल्याच्या हातात कोंबलं. "मार. तुझ्याच जिवासाठी आहे."

थोरला मारत राहिला. तासाभराने खिडकी धाडकन आपटली, बाहेर खरं वारं सुटलं. तेव्हा कुठे बाहेरच्या समुद्राचं आणि बोयाचं एकदाचं जमलं.

थोरल्याने धोपटणं खाली टाकलं.

"उचल," म्हातारी म्हणाली. "बाहेरचं ओसरेपर्यंत आपलं थांबायचं नाही."