भावजींचा अंगठा

बेटकास्टिंगचं रीळ म्हणजे माणसाची अब्रू काढायला बनवलेलं यंत्र. मी विकतो, मला माहीत. साध्या रिळात दोरी आपोआप सुटते, कुणीपण येडा उठून गळ फेकू शकतो. ह्याच्यात तसं नाय. ह्याच्यात फेकलं की दोरी गुंडाळलेली फिरकी गरागरा सुटते, आणि तिला आवरायला एकच गोष्ट असते, तुमचा अंगठा. गळाला लावलेला नकली मासा पाण्यात पडून गप झाला तरी फिरकीला कुणी सांगितलेलं नसतं. ती आपली फिरतेय. दोरी बाहेर जायला जागा नाय, मग आतल्या आत असा गुंता होतो की सुगरण पक्ष्याने बघून घरटं बांधायचं सोडावं.

बाजूला दोन नॉब असतात. पिळले की फिरकी जड होते, गुंता होत नाय, पण गळ लांब जात नाय. ढिले केले की फिरकी मोकाट. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं ह्यातच आहे.

माझं दुकान जेट्टीकडे उतरताना डाव्या हाताला. रॉड, गळ, बर्फ, आणि शनिवार-रविवार मुंबईवाल्यांसाठी कोळंबीचा चारा. घर मागेच. आणि घराच्या पडवीत धर्मा भावजी, म्हणजे माझ्या केसरतायचे मिस्टर. माणूस तळा तालुक्यातला, भाताच्या खाचरात वाढलेला. पुढे रोह्याला कंपनीत मशीनवर होते. कंपनी बंद पडली तशी ताय आणि ते थोडे दिवस म्हणून माझ्याकडे आले आणि राहिले. सासरच्या पडवीत झोपणारा जावई! असं गिऱ्हाईक देव घरपोच पाठवतो तेव्हा आपण काय दार लावायचं?

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या चहात साखरेच्या जागी मीठ घातलं. माणूस शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. कप खाली ठेवला, तोंड पुसलं आणि माझ्या बायकोला म्हणाला, "छान झालाय."

आता अशा माणसाला सोडवतं का, तुम्हीच सांगा.

तर खाडीच्या तोंडाशी प्रथमेश सरांनी रिसॉर्ट काढलं. ठाण्याचा पोरगा, बापाची जागा, तिवरांच्या समोर लाकडी डेक बांधलेला. माझ्याकडून रॉड आणि बेटकास्टिंगची रिळं घेतली आणि म्हणाला, "गुणाजी, एक फिशिंग गाईड बघा ना. गेस्टना फेकून दाखवेल, शिकवेल असा. फॅमिलीवाला असला तर बरं, मागे खोली आहे. बायकोला किचनमध्ये घेऊ."

रात्री जेवताना मी सहज बोलून गेलो. तायचा हात भातातच थांबला.

"अहो, तुम्ही का नाय जात?"

"मला कुठं येतंय ते?" भावजी म्हणाले. "आम्ही ओढ्यात हातानी चाचपून मासे धरायचो."

"गुणाजी शिकवील. शिकवशील ना रे?"

मी माशाचा काटा चोखत होतो. ताय माझ्याकडे बघत होती, लहानपणी माझ्याकडची चिंच मागायची तशी. "राग मानू नको," ती म्हणाली, "पण भावाच्या दारात किती दिवस राहायचं? विहिरीवर बाया विचारतात, तुझे मालक काय करतात. मी काय सांगू? एकदा ह्यांच्याकडे बघून कुणीतरी वाहवा म्हणायला पाहिजे बघ. मग मला बाकी काय नको."

भावजी ताटात बघत होते. कान लाल झालेले.

"ताय, तुझ्यासाठी काय पण," मी म्हणालो, आणि हसू आलं म्हणून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

सकाळी जेट्टीवर शाळा भरली. दोन्ही नॉब मी आधीच पिळून घट्ट करून ठेवलेले.

"हे बटण दाबायचं, भावजी. अंगठा फिरकीवर. हात मागं न्यायचा, जोरात पुढं मारायचा, आणि मारताना अंगठा उचलायचा."

"आणि मग अंगठ्याचं काय करायचं?"

बघा, माणूस बावळट होता पण प्रश्न बरोबर विचारला. सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात होतं.

"मग अंगठ्याला सुट्टी! वर ठेवायचा, असा. फोटोत करतात तसा."

"वरच?"

"एकदम ताठ. मोठे मोठे फेकणारे तसंच करतात."

भावजींनी सगळी ताकद लावून फेकलं. फिरकी जड, गळ कुठला जातोय! जेट्टीवरून थुंकलं असतं तर त्याच्यापुढं पडलं असतं. पण गुंता नाय. आणि भावजी अंगठा वर करून समुद्राकडे तोंड करून उभे, जसं काय समुद्राला सांगतायत, सगळं ठीक हाय.

समोरून होडी चालली होती. होडीवाल्याने पण अंगठा दाखवला.

"जमलं की रे!" भावजी म्हणाले.

"भावजी, तुमच्या हातात जादू हाय. फक्त जोर कमी पडतोय. अजून लावा जोर."

रोज सकाळी असाच तमाशा. जाणाऱ्या-येणाऱ्या होड्या अंगठा दाखवायला लागल्या. भावजींना वाटायचं आपली ओळख वाढतेय. घरी येऊन तायला सांगायचे, "एकदा पण गुंता झाला नाय. गुणाजी म्हणतो, हे रीळ भल्याभल्यांना ऐकत नाय." ताय माझ्या ताटात तुकडी जास्त वाढायची.

मग परीक्षेचा दिवस आला. रिसॉर्टच्या डेकवर पुण्याचे गेस्ट, हातात चहा, पुढे खाडी. रिळं माझ्याच दुकानातली, तेव्हा लावून द्यायला मी होतोच. दोन्ही नॉब ढिले केले. तेवढ्याने समाधान होईना म्हणून फिरकीच्या टोकाला तेलाचा थेंबपण सोडला.

भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, तायने काढून दिलेला. पाय रोवले. बटण दाबलं. आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे काळजी करू नको.

मी अंगठा दाखवला.

जोर किती लावलान! इतके दिवस जड फिरकीवर लावायची सवय. भेंडी, काय आवाज आला त्या रिळातून! मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा. दोरी फुगली, रिळातून ढेरीसारखी बाहेर आली. गळाला अर्ध्यात हिसका बसला, तो उलटा फिरला आणि येऊन भावजींच्या कॉलरला मागून लटकला. प्लॅस्टिकचा हिरवा मासा, पाठीवर डुलतोय. आणि भावजींचा अंगठा? वर! ताठ! समोर बघतायत, मासा कुठं पडला म्हणून.

सगळा डेक आडवा झाला. एका बाईच्या नाकातून चहा आला. सगळ्यांचे मोबाईल निघाले. भावजी गोल गोल फिरून गळ शोधत होते आणि ते फिरतील तसा मासा पण फिरत होता. प्रथमेश सर खांबाला धरून खाली बसले, डोळ्यांतून पाणी. "परत," एवढंच बोलता येत होतं त्यांना, "परत करा."

भावजींना वाटलं दुसरी संधी मिळतेय. त्यांनी दातांनी गुंता सोडवला, घाम पुसला आणि परत तेच केलं.

"फायनल," सर म्हणाले. "उद्यापासून या."

"पण साहेब, ते नीट..."

"काही नीट करू नका. रोज संध्याकाळी, चहाच्या टायमाला. अगदी असंच."

घरी आल्यावर तायने शिरा केला, आळीत वाटला. भावजी पडवीत बसले होते. तायने विचारलं, "काय म्हणाले लोक?" भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी शिरा खात होतो.

"टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले.

खोटं कुठं होतं?

दोघं रिसॉर्टच्या खोलीत राहायला गेले. सरांनी भावजींना पांढरी कॅप्टनची टोपी आणली, बाहेर फळा लावला, कॅप्टन धर्माचा फिशिंग शो. मी रोज संध्याकाळी रीळ बघायच्या निमित्ताने जायचो. फुकट चहा, फुकट भजी आणि वर हे. ताय मागे किचनमध्ये असायची. शोच्या टायमालाच भजी तळायची असतात, तिला डेकवर यायला मिळायचं नाय. पण टाळ्या तिकडे ऐकू जायच्या. एकदा मी चहा आणायला मागे गेलो तर कढईसमोर उभी, झारा हातात, आणि कान डेककडे. हशा झाला, टाळ्या पडल्या. माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस?" तोंडावर काय उजेड होता! मी म्हणालो, "ऐकलं, ताय. तिथंच होतो."

मधे एक गंमत झाली. भावजी शिकले.

खरंच शिकले. भल्या सकाळी गेस्ट झोपलेले असताना डेकवर एकटेच फेकत बसायचे. कुणी सांगितलं नाय, स्वतःच कळलं त्यांना. एक दिवस माझ्या दुकानात आले आणि गल्ल्यावर हात ठेवला. अंगठ्याचं कातडं सोलून गुलाबी झालेलं.

"गुणाजी, अंगठा उचलायचा नसतो. नुसता टेकवून ठेवायचा. गळ पाण्यात पडायच्या आधी दाबायचा."

"असं काय?" मी म्हणालो.

"तू सांगितलं नाय."

"भावजी, सगळं मीच सांगितलं असतं तर तुम्ही काय शिकला असतात? बर्फ लावा त्याला. बर्फाचे पैसे घेणार नाय, घरचे तुम्ही."

वाटलं आता बोलतील काहीतरी, एखादी शिवी तरी देतील. मी वाटच बघत होतो. माणसाने बर्फ घेतला, थँक्यू म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी बघितलं तर आता गुंता करायला त्यांना कष्ट पडत होते. हात आपोआप बरोबर जायचा. अंगठा मुद्दाम उचलायला लागायचा. येत नव्हतं तोवर सोपं होतं, आता येत असून येत नाय असं दाखवायचं. मला तर दुप्पट मजा यायला लागली. गेस्टना एकच तमाशा दिसायचा, मला दोन.

मग तो रविवार. गेस्ट दुपारी उशिरा जेवलेले, भजीची ऑर्डर नव्हती. सर तायला म्हणाले, "मावशी, आज तुम्ही पण बघा शो."

ताय जरीची साडी नेसून आली. केसात अबोली. डेकच्या कडेला माझ्याशेजारी उभी राहिली, पदर सारखा करत. भावजी टोपी घालून बाहेर आले, हसत, हात हलवत, आणि तायला बघून त्यांचं हसू तोंडावरच वाळलं.

"आज मी येणार हे सांगितलं नव्हतं ह्यांना," ती माझ्या कानात म्हणाली.

भावजींनी रॉड उचलला. गेस्टनी मोबाईल धरलेले. मग त्यांनी टोपी काढली आणि खाली ठेवली. तेव्हाच मी ओळखलं, बाबा आज खरं टाकणार.

आणि टाकलान! मी एवढी वर्षं रिळं विकतोय, लोकांना फेकताना बघतोय. असं बघितलं नाय. हाताला जोर नाय, घाई नाय. फिरकीचा आवाज एकसारखा, शिलाई मशीनसारखा. दोरी सरळ खाडीवरून गेली, पलीकडे तिवराची एक फांदी पाण्यावर वाकलेली होती तिच्या खालून आत शिरली. अंगठा टेकला. नकली मासा पाण्यात उतरला तर साधं वलय पण उठलं नाय.

भावजी वळून तायकडे बघायला लागले. लहान पोर चित्र काढून आणतं तसं तोंड.

कुणी हूं की चूं नाय. कुणीतरी मोबाईल खाली केला. मागून एक पोरगी म्हणाली, "बस? एवढंच? व्हिडिओतलं करा ना काका!" दुसरा म्हणाला, "मूड नाय वाटतं आज कॅप्टनचा."

तायने माझा दंड धरला. "चुकलं का रे ह्यांचं?"

आता मी काय सांगणार? खोटं बोलायची मला सवय आहे, पण इतकं सोपं खोटं कधी आयतं हातात आलं नव्हतं.

"व्हय, ताय," मी म्हणालो. "जरा हुकलं. तू समोर हायस ना, घाबरले असतील."

तिने डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली. बहुतेक देवीला नवस बोलत होती.

तिकडे सरांनी भावजींना टोपी उचलून दिली. हळूच बोलले, पण मला ऐकू आलं. "धर्मा, लोकं त्यासाठी नाय आलीयेत. खोली पाहिजे ना?"

भावजींनी टोपी घातली. दोरी गुंडाळली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तायकडे. तायचे डोळे अजून मिटलेले.

मग सगळी ताकद लावून मारलं आणि अंगठा वर.

आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा गुंता! गळ उलटा आला आणि टोपीच घेऊन गेला, दोरी गळ्यात, खांद्यावर, कानावर. डेक नुसता फुटला. शिट्ट्या, टाळ्या, लोक टेबलं बडवतायत.

टाळ्या ऐकून तायने डोळे उघडले. आणि काय सांगू, ती सगळ्यांच्या पुढे गेली, हात वर करून टाळ्या वाजवायला लागली. सगळ्यांचं थांबलं तरी तिचं चालू. बांगड्या वाजतायत, डोळ्यांतून पाणी चाललंय. शेजारच्या गेस्टबाईला सांगते, "माझे मालक हायत ते."

बाई म्हणाली, "हो का? भारीच आहेत."

मी रुमाल तोंडात कोंबला होता.

गेस्ट पांगले. भावजी खुर्चीवर बसून गुंता सोडवत होते. ताय त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या कानावरची दोरी काढली, आणि माझ्याशिवाय कुणी ऐकत नायसं बघून हळूच म्हणाली,

"अहो, ते पहिलं टाकलंत ना, तसं परत नका हां टाकू. जीव घाबरला माझा."

भावजींनी तिच्याकडे बघितलं. मी कान टवकारले. आता सांगतील. आता हा माणूस तोंड उघडेल आणि सगळं सांगून टाकेल.

"बरं," ते म्हणाले. "नाय टाकणार."